पाचव्या कडीपाशी

जबाब देणाऱ्याची माहिती: 'किल्लीवाले' या नावाने ओळख, वय ५८ वर्षे, धंदा कुलूप-किल्ली बनवणे व दुरुस्ती, दुकान बसथांब्यासमोरच्या ओळीत शेवटचं, राहणार त्याच दुकानाच्या माडीवर. घरी बायको. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी.

आज सकाळी पावणेअकरा वाजता मी आपण होऊन चौकशी कार्यालयात आलो. मला कोणी बोलावलेलं नाही आणि कोणी पढवलेलं नाही. चौकशी करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्या शब्दांत सांगा, मी तसंच लिहिते. फक्त क्रम सोडू नका." त्यावरून मी समक्ष सांगतो ते असं की,

मी पस्तीस वर्षं कुलपाच्या धंद्यात आहे. त्यातली बावीस वर्षं आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याच्या यादीवर माझं नाव आहे. बंद दार उघडायचं असलं की ठाण्यातून फोन येतो. आत कधी चोरीचा माल असतो, कधी लपून बसलेला माणूस असतो, कधी चार दिवस न उठलेलं म्हातारं माणूस असतं. मी दार उघडतो, पंच म्हणून सही करतो आणि दुकानात परत येतो. सही मी वाचून करत नाही. जिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते तिथे करतो. हे पुढे लागणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमच्या धंद्यात दार उघडायच्या दोन तऱ्हा आहेत. आत जिवंत माणूस अडकलेलं असेल, म्हणजे न्हाणीघरात कोंडलेली आजी किंवा आतून कडी लावून रडत बसलेलं पोर, तर काम बोलत बोलत करायचं. "मी किल्लीवाला. आता खरखर होईल, घाबरू नका. आता ठोकणार आहे, दारापासून लांब व्हा." हे मला वस्तादांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं. ते म्हणायचे, दाराची समजूत काढावी लागत नाही, दारामागच्या माणसाची काढावी लागते. दुसरी तऱ्हा पोलिसांच्या कामाची. तिथे तोंड बंद आणि हात चालू, आतल्याला सुगावा लागू द्यायचा नाही. दोन्ही तऱ्हा माझ्या अंगवळणी पडलेल्या आहेत. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला मी त्यातली चुकीची वापरली. खरं तर जबाब एवढाच आहे, पण क्रम सोडू नका म्हणालात म्हणून पहिल्यापासून सांगतो.

ही चौकशी ज्यांच्या मृत्यूची आहे त्या मयत इसमाला आमच्या भागात सगळे नकाशेवाले म्हणत. मीही तेच म्हणणार आहे, मॅडमची हरकत नाही. ते पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढायचे. रस्त्यांखालून जाणारा एकेक नळ त्यांना तोंडपाठ होता. वय बावन्न. मनाच्या आजारामुळे सहा वर्षांपूर्वी नोकरी सुटली. शाळेच्या मागच्या तीन मजली इमारतीत मधल्या मजल्यावर ते एकटे राहत. त्यांच्या खाली तळमजल्यावर त्यांची थोरली बहीण राहते. त्यांना मी ताई म्हणतो. ताई शाळेच्या ग्रंथालयात कामाला आहेत. दोन्ही वेळचा डबा त्याच वर पोचवायच्या.

नकाशेवाल्यांच्या दाराला पहिली कडी मी साडेपाच वर्षांपूर्वी लावली. ते दुकानात आले ते दाराचा नकाशाच घेऊन. कडी कुठे यायला हवी ते मिलिमीटरात मांडलेलं. मी म्हणालो, "साहेब, दार आहे, धरण नाही." ते खो खो हसले. माणूस हसरा होता, हे कुठल्याच कागदावर आलेलं नाही म्हणून इथे लिहायला सांगतो. त्यानंतर दर दहा-अकरा महिन्यांनी एक कडी वाढायची. ते यायचे, माझ्या खणातला तोच कागद मागून घ्यायचे, त्यावर नवी कडी आखायचे आणि कागद परत माझ्याकडे ठेवायचे. घरी ठेवला तर कोणी पाहील म्हणायचे. अशा सात कड्या झाल्या.

दाराची फळी जुनी आणि भुसभुशीत होती. आतून स्क्रू मारले असते तर एका लाथेत निघाले असते. म्हणून मी प्रत्येक कडीला दोन बोल्ट आरपार टाकले. बोल्टची डोकी बाहेरच्या बाजूला यायची. वरून लांबी, म्हणजे खाचा बुजवायचा लगदा, भरून रंग मारला की दिसायची नाहीत. ती कुठे आहेत ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्या कागदाला.

मॅडमनी विचारल्यावरून सांगतो की, हो, त्यांच्या आजाराची मला कल्पना होती. ते ठीक असत तेव्हा दुकानात बसून तासभर गप्पा मारत. बिघडायला लागले की बोलणं कमी आणि मोजणं जास्त. माझ्या दुकानाच्या फळीची रुंदी मोजायचे, दाराखालची फट मोजायचे, पुन्हा मोजायचे. कोणीतरी आत शिरणार आहे असं त्यांना वाटे. कोण, ते कधी सांगितलं नाही. राग कोणावर नव्हता. त्यांना भीती वाटायची, आणि भ्यालेला माणूस आणि चिडलेला माणूस लांबून सारखेच दिसतात. मी डॉक्टर नाही, पण कडी लावायला बोलावलं की मी समजायचो, औषध सुटलेलं आहे. मग कडी लावून उतरताना ताईंच्या कानावर घालायचो. ताई त्यांना दवाखान्यात न्यायच्या, पंधरा दिवसांत गडी पुन्हा दुकानात हजर. सातवी कडी मी घटनेच्या तीन आठवडे आधी लावली. त्या दिवशी ताईंच्या दाराला कुलूप होतं. उद्या सांगू म्हटलं. ते उद्या राहून गेलं.

तिसऱ्या कडीच्या वेळचं एक बोलणं सांगायचं आहे. मी बोल्ट आवळत होतो आणि ते कंदील धरावा तसा हातात दिवा धरून उभे होते. ते म्हणाले, "किल्लीवाले, एक दिवस तुम्हालाच हे दार फोडायला आणतील."

मी म्हणालो, "मला? स्वतःचं काम स्वतः तोडायला मी काय वेडा आहे?" तो शब्द माझ्या तोंडून गेला. त्यांनी मनावर घेतला नाही.

ते म्हणाले, "आणतील हो. आणलं तर आधी हाक मारा. नुसतं 'मी किल्लीवाला' एवढं म्हणा. कड्या मीच काढीन, कितीही असल्या तरी. तुम्हाला हत्यार काढावं लागणार नाही."

मी बरं म्हणालो. बरं म्हणायला काय जातं? त्यांनी मात्र ते कागदावर उतरवलं. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात सूचना लिहितात, तिथे बारीक सुबक अक्षरात: 'उघडताना आधी हाक, मग हत्यार.' तो कागद मी आज सोबत आणला आहे आणि मॅडमच्या ताब्यात देत आहे.

दोन वर्षांपूर्वी, पाच कड्या असताना, त्यांनी असंच दीड दिवस दार उघडलं नव्हतं. तेव्हाही पोलीस आले होते आणि मलाही बोलावलं होतं. त्या वेळी ठाण्यात एक वयस्क हवालदार होते. त्यांनी दोन शिपायांना खाली रस्त्यावर थांबवलं, मला मधल्या वळणावर बसवलं. ताईंना विचारलं, "काय आवडतं याला? कशाने बिथरतो?" मग टोपी आणि पट्टा काढून ताईंच्या हातात दिला आणि दारासमोरच्या पायरीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "मी ठाण्यातला हवालदार. एकटाच आहे. आत येणार नाही, तुम्ही म्हणेपर्यंत येणार नाही. माझ्या घरी नळाला पाणी येत नाही, नकाशेवाले, तुम्हाला ठाऊक असेल का येत नाही ते." त्यावर दोन तास पाण्याच्या नळावर बोलणं चाललं. मधे मधे हवालदार सांगत, आता मी पाय पसरतो, आता मी पाणी पितो, आवाज त्याचाच आहे. मला तर झोप आली. शेवटी आतून एकेक कडी निघाली आणि नकाशेवाले हातात कागद घेऊन बाहेर आले. हवालदारांच्या घराचा नळ कुठे तुंबला असेल ते काढून दाखवलं होतं. हवालदारांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दोघं शेजारी शेजारी चालत दवाखान्याच्या गाडीत जाऊन बसले. माझ्या पिशवीची चेन त्या दिवशी उघडलीच नाही. येणं फुकट गेलं म्हणून मी चिडलो होतो. ते हवालदार पुढच्या वर्षी निवृत्त झाले.

आता नऊ तारखेचं. मंगळवार होता. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ठाण्यातून फोन आला. मी साडेअकराच्या आत इमारतीपाशी पोचलो. नकाशेवाल्यांचं दार म्हटल्यावर तो कागद खणातून काढून पिशवीत टाकला होता. काम लवकर होईल म्हणून टाकला. हाक मारायची आठवण म्हणून नाही.

जिन्यात उपनिरीक्षक साहेब आणि तीन शिपाई होते. साहेब आमच्या भागात नवे, तीन-चार महिन्यांचे. ताई दारासमोर उभ्या होत्या. डबा दोन दिवस तसाच दाराबाहेर पडून होता. दवाखान्याची गाडी मागवली तर तिथून सांगितलं की आधी पोलीस हवेत, म्हणून ताईंनीच पोलिसांना फोन केला होता. वरच्या मजल्यावरचे भाडेकरूही जिन्यात उतरले होते. ते सांगत होते, "रात्रंदिवस ठोकाठोक चालते साहेब. काल खिडकीतून हातात सुरा दिसला." ताई म्हणाल्या, "सुरा नाही हो, त्याची पट्टी आहे ती." साहेबांनी सुरा ऐकला.

ताई साहेबांना जे म्हणाल्या ते मी शब्दाला शब्द सांगतो, कारण मी तीन पायऱ्यांवर होतो. "साहेब, इतके जण नका जाऊ. एकानेच बोला. नाव सांगा, काय करणार ते करायच्या आधी सांगा. त्याला मागून धरू नका. मागे एक हवालदार आले होते टोपी काढून बसणारे, त्यांना फोन लावता का? माझ्याकडे नंबर आहे."

साहेब म्हणाले, "बाई, आम्हाला आमचं काम शिकवू नका. तुम्हीच बोलावलंत ना?"

"मदतीला बोलावलं."

"मग करू द्या मदत. खाली जाऊन बसा."

साहेब वाईट माणूस आहेत असं मी म्हणणार नाही. घाईत होते. त्यांचा फोन सारखा वाजत होता, चौकात कुठे तरी अपघात झाला होता आणि तिथेही त्यांनाच जायचं होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला वाटतं, त्यांनाही भीती वाटत होती. दाराच्या दोन्ही बाजूंना भ्यालेलीच माणसं होती, पण हत्यारं एकाच बाजूला होती. यात माझं ड्रिल धरलेलं आहे.

साहेबांनी मला विचारलं, "किती वेळ लागेल?"

मी म्हणालो, "आत सात कड्या आहेत. मीच लावल्यात. दहा-बारा मिनिटं."

"करा सुरू. आणि तोंडातून शब्द काढू नका. सावध झाला तर स्वतःला काही करून घेईल, नाहीतर आमच्यावर येईल."

मी मान डोलावली. पोलिसांचं काम, पोलिसांची तऱ्हा. कागद दाराला लावून डाव्या अंगठ्याने धरला, मापं घेतली, रंगाखाली पहिल्या बोल्टचं डोकं नेमकं सापडलं. बॅटरीचं ड्रिल चालू केलं. अकरा वाजून अडतीस मिनिटं झाली होती. ड्रिल असं किंचाळत होतं की तळमजल्यावर ऐकू जात होतं, आणि आम्ही पाच माणसं आतल्याला कळू नये म्हणून श्वास धरून उभे होतो. त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पहिली कडी आतल्या फरशीवर पडली. आतून आवाज आला, "एक."

दुसरी पडली. "दोन." आवाज शांत होता, शाळेत हजेरी देतात तसा. तिसरीला तीन, चौथीला चार. मधे मी ड्रिलचं पातं बदललं तेव्हा आत पावलं ऐकू आली, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोजून टाकलेली.

पाचवी कडी पडली. पाच असं ते म्हणाले नाहीत. दाराच्या अगदी जवळून, माझ्या तोंडापासून फळीच्या जाडीएवढ्या अंतरावरून, त्यांनी विचारलं, "किल्लीवाले, तुम्ही आहात का?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी बोललो नाही. मॅडमनी विचारल्यावरून सांगतो की, मला कोणी धरलं नव्हतं, धमकावलं नव्हतं, माझं तोंड मोकळं होतं. ड्रिल बंद होतं, त्यामुळे ऐकू आलं नाही असंही म्हणता येणार नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "तुम्ही असाल तर सांगा. मी काढतो." कागदाचा उजवा कोपरा, जिथे ती सूचना आहे, तो माझ्या अंगठ्याखाली होता. माझा हात दगडाखाली होता हेही खरं आहे. ठाण्याच्या यादीवरून नाव गेलं तर या धंद्यात माणसाचा विश्वास जातो. पण तेव्हा मी इतका विचार केला असं नाही. साहेबांनी बोट ठेवलं आणि मी ड्रिल चालू केलं, इतकंच झालं.

सहावी पडली. ते काही म्हणाले नाहीत. सातवी पडायच्या आत शिपायांनी दाराला खांदा दिला, ती उखडून आत पडली आणि दार उघडलं. अकरा एकोणपन्नास. माझं काम अकरा मिनिटांत झालं. मनात आलं ते सांगतो: चांगलं झालं, एकही पातं तुटलं नाही.

नकाशेवाले खोलीच्या मधोमध उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा, पायांत मोजे. हातात नकाशा काढायची लाकडी पट्टी होती, टी आकाराची, हातभर लांब. ती त्यांनी छातीशी आडवी धरली होती. ते धावून आले नाहीत. उलट दोन पावलं मागे सरले आणि टेबलाला टेकले. साहेब ओरडले, "टाक ते! टाक खाली!" तिन्ही शिपाई एकदमच ओरडले. चार माणसं चार गोष्टी ओरडली तर शहाण्यालाही काय करायचं ते कळणार नाही. त्यांनी पट्टी वर उचलली, डोकं झाकायला उचलतात तशी. मग त्यांना खाली पाडलं.

पालथं पाडून हात मागे बांधले. एका शिपायाचा गुडघा पाठीवर होता, दुसरा पायांवर बसला होता, तिसऱ्याने मान दाबून धरली होती. नकाशेवाले पुन्हा आकडे म्हणायला लागले. आठपासून. आठ, नऊ, दहा. मी दारात उभा होतो, हातात ड्रिल तसंच होतं. ताई धावत वर आल्या, त्यांना साहेबांनी दारातच अडवलं. ताई म्हणत होत्या, "त्याला बसवा. मारू नका, धरा हवं तर, पण बसवून धरा. त्याला श्वास घेता येत नाहीये." आकडे बारीक होत गेले. एकेचाळीस मी ऐकला. बेचाळीस ऐकला नाही.

मानेवरचा शिपाई म्हणाला, "शांत झाला साहेब."

साहेब म्हणाले, "बघा बाई, झाला शांत. उगाच घाबरत होता."

ताई म्हणाल्या, "तो मधेच थांबत नाही. शंभर केल्याशिवाय तो थांबत नाही."

त्यानंतरही गुडघा पाठीवरच होता. समोर भिंतीवर घड्याळ होतं, त्यावरून सांगतो, अकरा त्रेपन्न ते अकरा सत्तावन्न. मग दवाखान्याची माणसं वर आली. त्यांनी उताणं केलं आणि एकमेकांकडे पाहिलं. पुढचं त्यांना विचारावं. मी जिन्यात जाऊन हत्यारं पुसून पिशवीत भरली. सातही कड्या आत फरशीवर पडल्या होत्या, त्या पंचनाम्यात आल्या आहेत. लाकडी पट्टी 'लांब टोकदार हत्यार' म्हणून आली आहे. तिला टोक नाही, मी हातात घेऊन पाहिलेली आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी सहाला मला ठाण्यात बोलावलं. चहा दिला. जबाब लिहून तयार होता, तीन पानं, तीन फुल्या. मी तिन्ही ठिकाणी सही केली. वाचलं नाही. कोणी जबरदस्ती केली नाही. "वाचायचंय का?" असं लिहिणाऱ्या शिपायाने विचारलंसुद्धा. मी म्हणालो, "आजवर कधी वाचलंय?" आम्ही दोघं हसलोही असू. मला नक्की आठवत नाही.

त्यानंतर तेराव्या दिवशी दुपारी ताई दुकानात आल्या. त्यांनी अर्ज करून माझ्या जबाबाची प्रत मिळवली होती. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग चष्मा लावला आणि मला वाचून दाखवलं, पुस्तक वाचून दाखवावं तसं, सावकाश. 'दरवाजा उघडण्यापूर्वी वेळोवेळी मोठ्याने आवाज देण्यात आला. सदर इसमाने कोणताही प्रतिसाद दिला नाही. दरवाजा उघडताच सदर इसम हत्यार उगारून अंगावर धावून आला.' खाली माझी सही. झोकदार सही आहे माझी.

ताई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, आवाज दिला होता का?"

मी म्हणालो, "ताई, पोलिसांचं काम होतं."

त्या म्हणाल्या, "ते नाही विचारलं."

मी गप्प राहिलो. दुसऱ्यांदा. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "खोली रिकामी करून द्यायची आहे. दाराची भोकं बुजवून द्याल का? तुम्हाला ठाऊक आहे कुठे आहेत ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. खोलीत सामान काही नव्हतं. दार लावून घेतलं तर चौदा भोकांतून जिन्यातला उजेड आत येत होता आणि समोरच्या भिंतीवर ठिपके पडले होते. मी आतल्या बाजूला, ते जिथे उभे राहून बोलले असतील तिथे, उभा राहिलो. पाचव्या कडीच्या भोकातून जिना सरळ दिसतो. ड्रिल निघाल्यावर त्यांना त्यातून माझा अंगठा आणि कागद दिसला असणार. तरी त्यांनी विचारलं. त्यांना मी कोण ते ठाऊक होतं. त्यांना फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी तिथे फरशीवर बसलो आणि रडलो. मग लाकडी खुंट्या ठोकल्या, लांबी भरली, रंग मारला. आता काही दिसत नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर करायचं वय आहे का आपलं?" नंतर भांडी घासता घासता म्हणाली, "पण तुम्ही मला काल झोपू दिलं नाही. आकडे म्हणत होता." शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते मलाही ठाऊक आहे. मी इकडे येणार हे ठाण्यात कसं कळलं ते मला माहीत नाही, पण परवा एक शिपाई दुकानात येऊन परवाना पाहून गेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. कालपासून ठाण्याचा फोन नाही.

मॅडमनी मला समज दिली आहे की, माझ्या सहीचे आता दोन जबाब होतात आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. पहिला खोटा ठरला तर खोटा जबाब दिल्याबद्दल माझ्यावरही खटला होऊ शकतो. ते मला समजलं. होऊ द्या. पहिला खोटा आहे. आवाज दिला गेला नाही. साहेबांनी दिला नाही, शिपायांनी दिला नाही, मी दिला नाही. प्रतिसाद मिळाला नाही हेही खोटं आहे. प्रतिसाद आम्ही दिला नाही. आतून दोनदा विचारणा झाली होती.

मॅडमनी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का? आहे. ठाण्याच्या यादीवर किल्लीवाल्याचं नाव असतं, क्रेनवाल्याचं असतं, पोहणाऱ्याचंही असतं. टोपी काढून पायरीवर बसणाऱ्याचं नसतं. ते हवालदार निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडून टोपी, पट्टा, शिट्टी सगळं मोजून परत घेतलं असेल. ते काय करायचे, ते कोणी विचारून घेतलं नाही. दहा-बारा मिनिटांचं काम नव्हतं ते, दोन तासांचं होतं. नऊ तारखेला दोन तास कोणाकडेच नव्हते. माझ्याकडे होते. दुकानात त्या दिवशी एकही गिऱ्हाईक नव्हतं.

वरील मजकूर मॅडमनी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. या वेळी मी कान देऊन ऐकला, तीन ठिकाणी थांबवलं आणि दुरुस्त करून घेतलं. नंतर सगळी पानं स्वतः वाचली, त्याला चाळीस मिनिटं लागली, मॅडम थांबल्या. मी सांगितलं तसंच लिहिलेलं आहे. पानांवर कुठेही फुली नाही, सही कुठे करायची ते मी पाहून ठरवलं.

सहीच्या आधी मॅडमनी नियमाप्रमाणे खातरजमेसाठी विचारलं, "जबाब देणारे किल्लीवाले, ते तुम्हीच का?"

ताई बाहेर बाकावर बसल्या होत्या आणि मधलं दार लावलेलं होतं. दारापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हणालो, "हो. मी किल्लीवाला. मीच आहे."